उंदीर चावला नाही म्हणून लेप्टो होत नाही?

आज सकाळी चोपड्याहून मामांचा फोन आला. त्यांच्या सालदाराला तीन दिवसांपासून ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की उभं राहवत नाही. दवाखान्यात नेलं का, विचारलं तर म्हणाले, "ताप शे, उतरी जाई." वर मला व्हॉट्सअॅपवर फिरणारा तोच मेसेज पाठवला: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पसरणारा ताप) हा मुंबईच्या गटारांचा रोग, खान्देशात होत नाही, उंदीर चावला तरच भीती, डोळे पिवळे झाले तर कावीळ उतरवून घ्या, गोळ्या घेऊ नका, घरात मांजर पाळा, विषय संपला.

गोळ्यांचं आधी बोलतो, कारण माणूस तिथेच दगावतो. कावीळ उतरवणारा हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळतो आणि चुन्याच्या निवळीत हात धुतो. पाणी पिवळं होतं, ते सालीमुळे. गळ्यातली माळ लांबते, कारण ओल्या काड्या सुकून बारीक होतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. इकडे लेप्टोच्या रुग्णाला कावीळ दिसू लागली की मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका असतो, फुफ्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2003ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते: नुसती शंका आली तरी प्रतिजैविक सुरू करा, शक्यतो आजाराच्या पाचव्या दिवसाआधी. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनीच औषधं आहेत. माळ घालून आठवडा बसलात की हे दिवस हातचे गेले.

चावण्याचा इथे संबंधच नाही. जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात, उंदीर मात्र धडधाकट दिसतो आणि मुतेल तिथे ते सोडत जातो. ओल्या मातीतून, पाण्यातून ते पायाच्या भेगेत, हाताच्या ओरखड्यात, डोळ्यांत शिरतात. केळीची पिलं कापताना विळा लागलेला हात तसाच चिखलात घालणारा माणूस कोणत्या गावात नाही?

मुंबईबद्दल एवढं मान्य करतो की 2005च्या महापुरानंतर तिथे लेप्टोची मोठी साथ आली होती, आणि आपल्या वैशाखात तापलेल्या कोरड्या रानात हा जंतू तग धरत नाही. पण केळीच्या बागेत ठिबकने बारमाही ओल असते, आणि आता तर पाऊसच आहे. गोठ्याचंही तसंच. ढेपेच्या पोत्यामागे उंदीर, खाली मुताचा चिखल. याच रोगाने गाय गाभडते, दूध आटतं, आणि बरी दिसणारी गायही पुढे कित्येक महिने लघवीतून जंतू सोडू शकते. गाय गाभडली तर नजर उतरवत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. पडलेलं वासरू उघड्या हाताने उचलू नका.

मांजर खुशाल पाळा. उंदराच्या मुताने नासलेलं पाणी ती साफ करत नाही.

मामा, डॉक्टरांना नुसता ताप सांगू नका. बागेत चिखलात काम केलंय, शेडमध्ये उंदीर आहेत, हेही सांगा. उद्या पोळा आहे, ठाऊक आहे मला. बैल नंतर सजतील. आज तिसरा दिवस आहे, आधी त्याला गाडीत बसवा.