‘सर्वांचं स्वागत’ एवढ्याने का भागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्या समेट, समावेश आणि सहजीवन यांचं जे वचन देतात, त्यावरच्या माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात. मुद्दे विचार करून मांडलेले आहेत. ‘तुमच्या मताचा आदर आहे’ एवढं लिहून सुटका करून घेणं मला पटत नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मंडळीचं काम शुभवर्तमान सांगणं आणि संस्कार देणं. अमक्यातमक्यांचं नाव घेऊन स्वागत करणारे ठराव करणं नव्हे. दारावर ‘सर्वांचं स्वागत’ लिहिलेलं असताना समलिंगी, पारलिंगी, कृष्णवर्णीय अशी वेगळी नावं घेण्याची गरज नाही. ही सगळी अमेरिकेची फॅशन आहे. ठरावांवर मतदान घेऊन मंडळ्या फुटल्या, तेव्हा याला समेट म्हणणं ही फसवणूक आहे. आणि ज्याच्या नावाने हे चर्च चालतं त्या मार्टिन ल्यूथरने ज्यूंबद्दल काय लिहिलं, ते आधी वाचा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करणं भाग आहे, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. १५४३ साली ल्यूथरने ज्यूंची सभास्थानं जाळा, घरं पाडा असं लिहिलं, आणि चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण आनंदाने वापरलं. ‘त्या काळी सगळेच असं लिहायचे’ ही सारवासारव मी करणार नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या परिषदेने ज्यू समाजाला उद्देशून एक निवेदन मंजूर केलं. त्यात ल्यूथरचं नाव घेऊन ते लिखाण नाकारलं आहे आणि त्याच्या परिणामांबद्दल दुःख व्यक्त केलं आहे. ‘काही व्यक्तींकडून चुका झाल्या’ अशी भाषा तिथे नाही. नाव घेणं ही समेटाची पहिली पायरी असते, हे मी म्हणतो ते याच अर्थाने.

पुढच्या पायऱ्या मेनोनाइटांच्या प्रकरणात जास्त स्पष्ट दिसतात. मेनोनाइट हे बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे वारस. त्या लोकांचा सोळाव्या शतकात छळ झाला, कित्येकांना ठार मारलं गेलं. त्यात लुथरन राजसत्तांचाही हात होता, आणि त्यांना धर्मशास्त्राचा आधार पुरवला तो लुथरन पंडितांनी. लुथरन श्रद्धा मांडणाऱ्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात या लोकांचा नाव घेऊन धिक्कार आहे, आणि त्या दस्तऐवजाला लुथरन पाळक आजही बांधील असतात. १९८० साली त्याच्या साडेचारशेव्या वर्धापनदिनाला मेनोनाइटांना आमंत्रण गेलं, तेव्हा साधा प्रश्न उभा राहिला : ज्या कागदावर आमचा धिक्कार लिहिला आहे, त्याचा सोहळा आम्ही कसा साजरा करायचा?

तिथून तीस वर्षं लागली. आधी फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इथे देशपातळीवर संवाद झाले. मग २००५ ते २००८ या काळात दोन्ही बाजूंच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने एकत्र बसून इतिहास लिहिला. हे काम अवघड, कारण एकाच फाशीची दोन घराण्यांत दोन कथानकं असतात. कुठला धिक्कार आजच्या मेनोनाइटांना लागू पडतो आणि कुठला नाही, हे एकेक कलम काढून तपासलं. हे सगळं झाल्यावर, २२ जुलै २०१० ला स्टुटगार्टमध्ये लुथरन वर्ल्ड फेडरेशन या जगभरच्या लुथरन चर्चच्या संघाच्या अधिवेशनाने देवाची आणि मेनोनाइटांची क्षमा मागितली. प्रतिनिधींनी गुडघे टेकून किंवा उभं राहून ठराव स्वीकारला. मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्सचे अध्यक्ष डॅनिसा एन्दलोवू यांनी फेडरेशनचे अध्यक्ष मार्क हॅन्सन यांना पाय धुण्याचं लाकडी टब भेट दिलं. पाय धुणं ही त्यांच्या मंडळ्यांतली जुनी रीत. आणि ठराव तिथे संपत नाही : तो इतिहास धर्मशिक्षणात शिकवण्याचं, कबुलीजबाबाचा अर्थ त्या इतिहासाच्या प्रकाशात लावण्याचं बंधन त्यात आहे. म्हणजे क्रम असा : नाव घ्या, दोघं मिळून इतिहास लिहा, क्षमा मागा, मग अभ्यासक्रम बदला. क्षमा आधी आणि इतिहास नंतर, असं केलं की ज्याचं दुखलं त्याच्यावरच ‘आता विसरा’ असा दबाव येतो.

आता ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या सातव्या कलमाकडे. तुम्ही ते आधार म्हणून दिलंत : शुभवर्तमान शुद्धपणे सांगितलं जावं आणि संस्कार योग्य रीतीने दिले जावेत, एवढं मंडळीच्या ऐक्याला पुरेसं आहे. मान्य. पण ‘दिले जावेत’ म्हणजे कुणाच्या हातात? हाच प्रश्न घेऊन रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या विधीच्या, कठड्यापाशी उभं राहून पाहा.

व्हीलचेअरवरच्या माणसासाठी बाहेर रॅम्प बांधलेला असतो. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे उताराचं प्रमाण १:१२. सात इंची तीन पायऱ्या म्हणजे एकवीस इंच उंची, म्हणजे एकवीस फूट लांब उतार, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. एवढा खर्च करून माणूस आत येतो आणि वेदीपुढच्या दोन पायऱ्यांशी थांबतो. सगळ्यांचं झालं की पाळक त्याच्याकडे खाली येतात. दर रविवारी तो शेवटचा, आणि एकटा. उपाय साधा आहे : प्रभुभोजन सगळ्यांनाच खाली, सपाट फरशीवर द्यायचं. तो वर जात नाही, तर कुणीच वर जात नाही. हेही सांगायला हवं की अमेरिकेचा १९९० चा अपंगत्व कायदा सार्वजनिक इमारतींना जी सक्ती करतो, तिच्यातून धार्मिक संस्थांना सूट आहे. म्हणून ठराव लागतो. कायदा सांगत नाही, तेव्हा मंडळीनेच स्वतःला सांगावं लागतं.

भाकरीचं पाहा. सिलिॲक आजार असलेल्याला गव्हाचा कणही बाधतो. मंडळी हौसेने ग्लूटेनमुक्त, म्हणजे गव्हातलं ते बाधणारं प्रथिन नसलेल्या, भाकरीच्या चकत्या आणते आणि गव्हाच्याच ताटलीत कडेला मांडते : सगळं मुसळ केरात. नाहीतर पाळक गव्हाच्या चकत्या वाटलेल्या बोटांनीच ती उचलून देतात. चकती वेगळ्या, झाकणाच्या डबीत हवी आणि घेणाऱ्याने ती स्वतः उचलावी. ज्या प्याल्यात बाकीचे भाकर बुडवतात तो प्याला अशा माणसासाठी निकामी झालेला असतो. त्याच्यासाठी दुसरा ठेवावा लागतो.

द्राक्षारसाचं तसंच. दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्यांसाठी बऱ्याच मंडळ्या छोट्या पेल्यांच्या ट्रेमध्ये साधा द्राक्षाचा रस ठेवतात. ओळख पटावी म्हणून रस फिका आणि वाइन गडद, किंवा रस मधल्या वर्तुळात. एखाद्या रविवारी वेदीची तयारी करणारा माणूस बदलतो, फिकी वाइन आणतो, कुणाला सांगत नाही. मग काय घडतं याची कल्पना तुम्ही करू शकता. रंगावर भरवसा ठेवू नये. ट्रे वेगळा, जागा ठरलेली, आणि पत्रकात एक वाक्य छापलेलं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चने १९९७ साली स्वीकारलेल्या संस्कारविषयक निवेदनात असंही म्हटलं आहे की प्रकृतीच्या कारणाने कुणी दोहोंपैकी एकच घेतलं, तरी ख्रिस्त त्याच्यासाठी पूर्णपणे हजर असतो. हे वाक्य पाळकाने त्या माणसाला समोर बसून सांगायचं असतं. ते माहीत नसल्याने कितीतरी लोक वर्षानुवर्षं बाकावरच बसून राहतात.

तेव्हा समावेश हा संस्काराच्या बाहेरचा विषय नाही. सातव्या कलमातलं ‘दिले जावेत’ हे क्रियापद खरं करण्याचं ते काम आहे.

नावं घेण्याबद्दल. ‘सर्वांचं स्वागत’ ही पाटी ज्याला आजवर कुठेच अडवलं नाही, त्याला खरी वाटते. ज्याला चार चर्चमधून बाहेर काढलं गेलं, तो ती वाचून विचारतो, ‘सर्वांत मी धरलाय का?’ कारण त्या चारही दारांवर हीच पाटी होती. आणि हा फक्त समलिंगी माणसांपुरता प्रश्न नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे ९६ टक्के सदस्य गोरे आढळले. १७ जून २०१५ ला अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये कृष्णवर्णीयांच्या इमॅन्युएल चर्चच्या बायबल अभ्यासात बसलेल्या नऊ कृष्णवर्णीय माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या एका मंडळीचा सदस्य होता. मारल्या गेलेल्यांपैकी दोघं लुथरन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकलेले होते. ‘सर्वांचं स्वागत’ तिथेही होतंच.

आणि फॅशन म्हणाल तर आपल्याकडचा इतिहास काढा. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला पहिले लुथरन मिशनरी १७०६ साली उतरले. तिथल्या मंडळ्यांत वरच्या मानलेल्या वेल्लाळ जातीचे आणि अस्पृश्य मानलेल्या परैयर जातीचे विश्वासणारे वेगवेगळे बसत. १८३३ साली अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद ताबडतोब बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो न मानणारे कित्येक जण पुढे लाइपझिग मिशनच्या लुथरन मंडळ्यांत आले, कारण तिथे जातीकडे काणाडोळा होत होता. बाप्तिस्मा एक, प्रभुभोजन एक, चटया दोन. जातीचं नाव घेतल्याशिवाय तो भेद हलला नसता. लिंग, वर्ण, अपंगत्व यांना वेगळा नियम कशासाठी लावायचा?

मतदानाचा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. ऑगस्ट २००९ मध्ये इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या मिनियापोलिसच्या अधिवेशनात लैंगिकतेवरच्या सामाजिक निवेदनाला दोन तृतीयांश मतं हवी होती. पडली ६७६ विरुद्ध ३३८. एकूण १०१४, त्याचे दोन तृतीयांश नेमके ६७६; एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर निवेदन पडलं असतं. दोन दिवसांनी समलिंगी नात्यात एकनिष्ठ राहणाऱ्यांना पाळकपद खुलं करणारा ठराव ५५९ विरुद्ध ४५१ असा झाला. त्यानंतर शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या आणि २०१० मध्ये वेगळं लुथरन चर्च उभं राहिलं. दुःख झालं, हे लपवायचं कारण नाही. मात्र तुम्ही एक गोष्ट सोडलीत. त्याच निवेदनात एकमेकांशी न जुळणाऱ्या चार भूमिका मांडल्या आहेत, आणि चारही भूमिकांचे लोक देवासमोर आपल्या विवेकाने बांधलेले आहेत असं मान्य केलं आहे. विरोध करणाऱ्याला त्याने बाहेर काढलेलं नाही. बाहेर पडू पाहणाऱ्या मंडळीलाही नियम घाई करू देत नाही : दोन तृतीयांश बहुमताने एकदा, किमान ९० दिवस थांबून, मधे बिशपांशी बोलून, पुन्हा दोन तृतीयांशाने.

मंडळ्या मतदानाने फुटतात यापेक्षा वाईट मतदानाने फुटतात, असं मला वाटतं. वाईट म्हणजे कसं? पाळक एकटेच पुढे असतात, बाकी कुणाचा आवाज नाही. वार्षिक सभेत अंदाजपत्रक आणि छताची गळती यांच्या मधे ठराव येतो. किती मतांनी मंजूर धरायचा हे मोजणीनंतर ठरतं आणि ५३ टक्क्यांवर टाळ्या वाजतात. आणि सर्वांत क्रूर : मंडळीत एकच उघडपणे समलिंगी सदस्य असतो, त्याला उठवून ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणतात. त्याच्या असण्यावर चर्चा चालू आहे आणि पुरावाही त्यानेच द्यायचा.

नीट करायचं तर वर्षभराची तयारी ठेवावी. पाच-सहा जणांचा गट, त्यात मनात शंका असलेला निदान एक. आधी घरोघरी एकास एक भेटी, मग सहा-आठ जणांच्या बैठका. प्रत्येकाला दोन मिनिटं, मधे कुणी बोलायचं नाही, आणि ऐकणाऱ्याने आधी ‘तुम्ही असं म्हणालात ना?’ हे विचारायचं. ल्यूथरच्या लघु प्रश्नोत्तरीत आठव्या आज्ञेचा अर्थ शेजाऱ्याच्या वागण्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावणं असा दिला आहे. बैठकीचा नियम म्हणून तो पुरतो. मतदानाची टक्केवारी सुरुवातीलाच ठरवावी, तीन चतुर्थांशापेक्षा कमी नको. मतपत्रिका गुप्त. तेवढा पाठिंबा दिसत नसेल तर मतदान घेऊच नये, बैठका चालू ठेवाव्यात.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला ‘तू व तो एकांती असताना त्याचा अपराध त्याला दाखव’ हा नियम दोन बरोबरीच्या माणसांतल्या भांडणासाठी आहे. अत्याचार झाला असेल तर पीडित व्यक्तीला अपराध्यासमोर एकटं बसवणं हा समेट नाही, दुसरा अत्याचार आहे. तिथे आधी पोलीस, आणि समेटाचा शब्द तिच्याकडून आला तरच. चांगल्या हेतूच्या मंडळ्यांनी इथे फार मोठ्या चुका केल्या आहेत.

‘विरोधात मत देणाऱ्यांचं काय?’ असं तुम्ही शेवटी विचारलंत. उपासनेत शांतीचं अभिवादन दानार्पणाच्या आधी येतं, कारण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आधी भावाशी समेट कर आणि मग अर्पण आण असं आहे. तेव्हा ठरावानंतरच्या महिन्याभरात पाळक आणि गटातला एकजण अशा प्रत्येक घरी जातात. मत का दिलं हे विचारायचं नाही, पटवायचं नाही. तुमची जबाबदारी, म्हणजे गायनवृंद असो, शब्बाथ शाळा असो की हिशेब, तुमच्याकडेच राहावी अशी आमची इच्छा आहे, एवढं सांगायचं आणि उत्तराला वेळ द्यायचा. काही जण तरीही जातात. त्यांची नावं मंडळीच्या प्रार्थनेतून काढायची नाहीत.