स्टेडियम राखा, फुटबॉल आपोआप आटोक्यात येईल

छोट्या गावाचं फुटबॉल स्टेडियम तुमच्या ताब्यात आलंय? अभिनंदन. आधी सगळा पैसा गॅलरीत घाला: छत, रंग, कोनशिला. गवतावर कोणी नाव कोरत नाही.

निचऱ्याच्या भानगडीत पडू नका. मैदान मधोमध उंच ठेवून दोन्ही कडांना एक टक्का उतार द्यावा म्हणतात. ६८ मीटर रुंदीत तो फरक जेमतेम ३४ सेंटीमीटर. पाहुण्यांना दिसणारसुद्धा नाही! त्यापेक्षा पाऊस उघडल्या उघडल्या ओल्या मातीवर जड रोलर फिरवा. मातीतल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. पण फोटोत मैदान सपाट दिसतं. भोकं पाडून वाळू भरा, असं माळी म्हणाला तर त्याला गॅलरी रंगवायला पाठवा.

गवत दोन महिने वाढू द्या आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुळापर्यंत भादरा. एका कापणीत पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये, हा नियम हौशी लोकांचा. सराव कायम एकाच गोलसमोर घ्या. गोलरक्षकाच्या पायाखाली टक्कल पडलं की चेंडू कसाही उसळतो आणि दोष त्याच्यावर ढकलता येतो.

(हलवता येणारे गोल मात्र खुंट्या ठोकून किंवा मागच्या दांडीवर वजन ठेवून पक्के कराच. ते अंगावर पडून मुलं दगावली आहेत. एवढ्या ओळीत उपरोध नाही.)

रेषा नजरेनेच आखा. ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा दोरीचा त्रिकोण ताणून काटकोन साधणं म्हणजे वेळेचा अपव्यय. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरऐवजी दहावर पडला तर गोल वाढतील, लोक खूश होतील.

खरा धोका लहान मुलांचा. एका मोठ्या मैदानात पाच-पाच जणांचे चार सामने आरामात बसतात, म्हणजे एका वेळी चाळीस मुलं! अशाने गावात खेळाडू तयार होतात आणि मग ते रोज येतात. म्हणून किल्ली अशा माणसाकडे द्या, जो शाळा सुटायच्या आत घरी जातो.

मैदान रिकामं राहतंय असं कोणी म्हणू नये म्हणून सभा-समारंभांना भाड्याने द्या. मंचाच्या फळ्यांखाली चार-पाच दिवसांत गवत पिवळं पडेल, ट्रक फिरले तिथे चाकोऱ्या उमटतील. मंच उतरल्यावर चुंबक फिरवून खिळे वेचायची गरज नाही. पुढच्या सामन्यात स्लाइड टॅकल करणारा, म्हणजे जमिनीवर घसरत चेंडू हिसकावणारा, ते शोधून देईलच.