हेडलाइट लखलखीत, तरी पिकअप सुरू होईना: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जुनी डिझेल पिकअप सकाळी सुरू झाली नाही तर काय समजावे, हे सांगणारा एक संदेश भाजीपाल्याच्या वाहतूकदारांत बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हेडलाइट प्रखर लागत असतील तर बॅटरी उत्तम आहे, तेव्हा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उतरवा, सेल्फ फिरतो आणि तरीही इंजिन पेटत नसेल तर डिझेल सिलिंडरकडे ढकलणारा पंप गेला, तो कॅलिब्रेशनला (जुळणीला) द्या, आणि तोवर एअर क्लीनरमध्ये पेट्रोलचा बोळा धरा किंवा ईथरचा स्प्रे मारा, नाहीतर धक्का द्या. सेल्फ फिरत नाही आणि सेल्फ फिरूनही इंजिन पेटत नाही, हे दोन दोष वेगळे धरले आहेत, एवढे या संदेशात बरोबर आहे. त्यापुढचे बहुतेक निष्कर्ष मात्र घाईचे आणि खिशाला महागात पडणारे आहेत.

पहिला मुद्दा हेडलाइटचा. जुन्या गाडीचे दोन हॅलोजन दिवे मिळून साधारण १० अँपिअर प्रवाह घेतात. डिझेल इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला मात्र २०० अँपिअर किंवा त्याहून अधिक लागतो. गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा कुजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत (इंजिनला चासीशी जोडणाऱ्या वायरीत) समजा फक्त ०.०१ ओहम रोध निर्माण झाला, तर १० अँपिअरला तेथे ०.१ व्होल्ट खर्च होईल, जो डोळ्यांना कळणारही नाही. पण २०० अँपिअरला त्याच जागी २ व्होल्ट जातील आणि सेल्फ ‘टक’ करून गप्प बसेल. म्हणजे दिवे लखलखीत, बॅटरी भरलेली, सेल्फही धडधाकट, आणि दोष वायरीच्या टोकाला! अशा वेळी सेल्फ उतरवून नवे कार्बन ब्रश (सेल्फच्या आत प्रवाह पोहोचवणारे झिजणारे तुकडे) बसवले, तर परत जोडताना नट घासूनपुसून आवळले गेल्यामुळे गाडी काही दिवस चालतेही, आणि श्रेय ब्रशना मिळते.

हे तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. गिअर न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक लावावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपर (डिझेल बंद करणारी ओढ-वायर) ओढून धरावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (त्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर) आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर टेकवून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर दोष अर्थिंगमध्ये आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने चासीशी त्याचा विद्युत संबंध बहुतांशी या पट्टीवरच अवलंबून असतो. पट्टी तुटली की प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि ती केबल हाताला गरम लागते. पॉझिटिव्ह बाजूही खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अशीच मोजावी. स्वतः बॅटरीचे म्हणाल तर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा असावा, आणि सेल्फ फिरताना तो ९.६ च्या खाली जाऊ नये.

दुसरा मुद्दा पंपाचा. पंप खोलण्याआधी सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ नीट फिरत असताना धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. याची कारणे बहुधा किरकोळ असतात: अर्धवट ओढून अडकलेली स्टॉपरची वायर, चावी फिरवल्यावर आवाज न करणारा पंपावरचा सोलेनॉइड (विजेने उघडणारी डिझेलची झडप), तुंबलेला फिल्टर, किंवा लाइनने धरलेली एअर. फिल्टर बदलल्यावर गाडी दोन मिनिटे चालून बंद पडली असेल तर एअरचाच संशय आधी घ्यावा आणि फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारावा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटण्याइतकी उष्णता तयार होत नाही. हीटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारे प्लग) असलेल्या इंजिनात ते तपासावेत, आणि सेल्फ संथ फिरतो का हेही पाहावे. हिवाळ्यात निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकदही घटते, आणि निव्वळ संथ फिरण्यामुळे पंप गेल्याचा भास होतो. पंप खरोखर झिजतोही, नाही असे नाही. पण त्याची पाळी या सगळ्यानंतर येते.

पेट्रोलच्या बोळ्याविषयी फार लिहायला नको. दाबाने आपोआप पेटण्यात पेट्रोल डिझेलपेक्षा नाठाळ असते, शिवाय ते सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन काढते. ईथरच्या स्प्रेचे उलट आहे: ते डिझेलपेक्षा कमी तापमानाला पेटते, त्यामुळे पिस्टन वर पोहोचण्याआधीच भडका उडून रिंग तुटू शकते, आणि हीटर प्लग तापलेले असतील तर धोका आणखी वाढतो.

धक्क्यावर गाडी सुरू झाली तर त्यातून एक गोष्ट नक्की कळते, ती म्हणजे डिझेल आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) ठीक आहे. दोष बॅटरी, वायरी, अर्थिंग आणि सेल्फ यांच्यात कोठेतरी आहे. मात्र भरलेल्या गाडीला उतारावर धक्का देऊ नये, कारण इंजिन पेटेपर्यंत ब्रेकला पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही. सुरू झाल्यावर इंजिन थोडे रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का ते पाहावे. येत नसतील तर आधी बेल्ट आणि अल्टरनेटर तपासावा. तो दुरुस्त होईपर्यंत नवी बॅटरी घातली तरी तीही उतरेल.