अंथरूण बँक देते, पाय तुमचे

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपले आजोबा सांगत, कारण त्यांच्या काळी अंथरूण स्वतःचं असे. आता ते बँक देते, 30 वर्षांच्या बोलीवर, आणि पाय कुठवर पसरायचे तेही तीच सांगते. तेव्हा ठाण्यात घर घ्यायचं मनात आलं, की 'आपल्याला किती झेपेल?' हा अशुभ प्रश्न घरात कुणालाही काढू देऊ नका. सरळ बँकेला विचारा, 'तुम्ही किती द्याल?' येईल त्या आकड्याला एलिजिबिलिटी म्हणतात आणि तोच तुमचा आवाका. बँक काय चुकीचं सांगणार आहे? तिच्याकडे घर गहाण असणार आहे, तिला कसली भीती?

एलिजिबिलिटी काढायची रीत सोपी आहे. दोघांचे मिळून हातात पगार येतात 1,30,000. बँक म्हणते, निम्मे हप्त्याला चालतील. झाले 65,000. समजा साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर 20 वर्षांसाठी लाखाला हप्ता बसतो 868 रुपये, म्हणजे कर्ज मिळालं 75 लाख. उरलेल्या 65,000 त सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांच्या शाळेची फी, आईची औषधं, लोकलचे पास, गावी जाणं-येणं आणि गणपती एवढंच बसवायचं आहे. ते बँकेच्या फॉर्मवर कुठेच नसतं, म्हणजे तो खर्च नसणारच.

75 लाख कमी वाटले तर मुदत 30 वर्षं करून घ्या. त्याच 65,000 च्या हप्त्यात आता साडेचौऱ्याऐंशी लाख बसतात. पगार वाढलेला नाही, घर वाढलं. किंवा 75 लाखांवरच थांबा आणि हप्ता 65,087 वरून 57,669 वर आणा. महिन्याला 7,400 रुपये वाचल्याचा आनंद मिळतो. एकूण व्याज 81 लाखांवरून 1 कोटी 32 लाखांवर जातं, पण ते महिन्याला दिसत नाही, आणि संसार महिन्यावरच चालतो. वय आडवं आलं तर मुलाला सहअर्जदार करा. नुकती नोकरी लागलीय त्याला, नाहीतरी करणार काय आहे तो पगाराचं!

आता घर. घोडबंदर रोडवरचा 1 कोटीचा फ्लॅट घ्या. सॅम्पल फ्लॅट पाहताना खोल्या का मोठ्या वाटतात ते शोधू नका. पलंग सहा फुटांचा असतो की साडेपाच, हे मोजायला टेप काढणारी माणसं आयुष्यात सुखी होत नाहीत. किंमत करारनाम्यावर 1 कोटी लिहिलीय तेवढीच, असं समजून चाला. ठाणे महापालिका हद्दीत स्टँप ड्युटी 7 टक्के, म्हणजे 7 लाख. (फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत आहे, पण लाखभर रुपयांसाठी दारावरच्या पाटीचा प्रश्न कोण उपस्थित करणार!) नोंदणीचे 30,000. ओसी (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेली नसेल तर 5 टक्के जीएसटी, आणखी 5 लाख. कर्ज 75 लाखांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांहून जास्त मिळत नाही. 30 ते 75 लाखांना मर्यादा 80 टक्के, त्याखाली 90. त्या किमतीत स्टँप ड्युटी आणि नोंदणी धरत नाहीत. थोडक्यात, 25 लाख तुमचे, वर 12 लाख 30 हजारही तुमचेच. मग पार्किंग, क्लब हाउस, दीड-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, आणि खिडक्यांना ग्रिल लावणारा माणूस.

37 लाख नसतील तर पर्सनल लोन काढा. ते कर्ज मंजूर झाल्यावर काढायचं, म्हणजे बँकेला कळणार नाही अशी तुमची समजूत राहील. पैसे सोडण्याआधी बँक सिबिल (तुमच्या कर्जांची नोंद आणि त्यावरचा स्कोअर) पुन्हा बघू शकते, आणि ऐन वेळी रक्कम कापू शकते. तोवर तुमचे बुकिंगचे पैसे बिल्डरकडे गेलेले असतात. बिल्डरांना लगाम घालणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. पण 'सर, पाडव्याला तिसरा टॉवर सोल्ड आउट होतोय' असं सेल्सवाली मुलगी सांगत असताना कलमं आठवणं शिष्टाचाराला धरून नाही.

कर्ज कुणाकडून घ्यायचं, यावर लोक उगीच डोकं शिणवतात. साइटवर टेबल टाकून बसलेल्या मुलाकडून घ्या. तो सगळं करतो. त्याला कमिशन तुमच्या कर्जाच्या रकमेवर मिळतं, त्यामुळे तुम्हाला जास्तीत जास्त कर्ज मिळावं अशी तळमळ त्याच्याइतकी तुमच्या सख्ख्या भावालाही नसते. तुमची फाइल तो एकाच आठवड्यात चार-पाच ठिकाणी लॉगिन करेल, प्रत्येक ठिकाणी सिबिलवर चौकशीची नोंद पडेल आणि स्कोअर खाली येईल. आणि बहुतेक ठिकाणी व्याजदर स्कोअरवरच ठरतो. पण 'पाच-पाच बँका मागे लागल्यात' असं चारचौघांत सांगता येतं, त्याची किंमत कशी करणार!

व्याजदर होर्डिंगवर वाचायचा. 'अमुक टक्क्यांपासून' यातला 'पासून' हा शब्द छोट्या अक्षरात असतो, याचा अर्थ तो महत्त्वाचा नसतो. दर कशाशी जोडलाय हे विचारू नका. बँकांनी ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मापाशी, बहुतेकांनी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्याच्याशी), जोडलेली आहेत. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दरही हलायला हवा. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही. त्यांचं माप त्यांचं स्वतःचं असतं, पीएलआर नावाचं, आणि ते कधी हलवायचं ते त्यांच्या घरात ठरतं. म्हणून पाव टक्का स्वस्त दिसणारी कंपनी घ्या. नव्या गिऱ्हाइकाला दर कमी झाला तरी तुम्ही जुन्याच दरावर राहाल. काही शुल्क भरून एक अर्ज दिला की तो बहुतेकदा कमी करून मिळतो, पण आपण होऊन कोणी सांगत नाही तर आपण होऊन का विचारायचं?

1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक गृहकर्जासोबत केएफएस नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात प्रोसेसिंग फी, त्यावरचा 18 टक्के जीएसटी, कायदेशीर तपासणी आणि विमा धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. तीन बँकांचे तीन कागद शेजारी ठेवले की पाच मिनिटांत कळतं कोण महाग आहे. इतक्या सहज सुटणाऱ्या प्रश्नात मजा नाही, तेव्हा तो कागद सही करून परत द्या. विमा मात्र घ्याच. एकरकमी हप्त्याचा, आणि तो हप्ता कर्जातच मिळवून, म्हणजे विम्यावरही 20 वर्षं व्याज. तो सक्तीचा नाही, बाहेरून साधा टर्म प्लॅन घेता येतो, असं सांगणारा भेटला तर त्याला 'तुम्हाला काय कळतंय' म्हणा.

आता सर्वात रम्य भाग. समजा तुम्ही कर्ज दर 7 टक्के असताना घेतलंत: 75 लाख, 20 वर्षं, हप्ता 58,147. वर्षभर नेमाने भरलेत, शिल्लक 73 लाख 21 हजार. मग दर झाला साडेनऊ. हे काल्पनिक नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 एवढ्यात रेपो 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला होता. बँकेने सौजन्याने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. तुम्ही ऑफिसात सांगितलंत, 'आमच्या बँकेने हप्ता वाढवला नाही हं.' आता 73 लाख 21 हजारांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं 57,962. हप्ता 58,147. मुद्दलात जमा झाले 185 रुपये. तेवढ्यात ठाणे स्टेशनहून ओवळ्यापर्यंत मीटरने रिक्षासुद्धा होत नाही. या वेगाने उरलेली 19 वर्षं 60 च्या घरात जातात. ठराविक वयापलीकडे बँकही मुदत ताणत नाही, त्यामुळे हप्ता शेवटी वाढतोच. 19 वर्षांतच संपवायचं तर तो 69,470 होतो.

दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे गिऱ्हाइकाला विचारलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सांगून ठेवलंय. बँकेचा तो ईमेल 'प्रमोशन्स'मध्ये जातो. जाऊ द्या. वर्षाकाठी बोनसमधून लाखभर जास्त भरले तर मुद्दल तुटतं आणि बदलत्या दराच्या कर्जावर त्याला दंडही नाही. पण बोनस हा मॉड्युलर किचनसाठी असतो.

बांधकाम चालू असलेलं घर घेतलंत तर सुख दुहेरी. 60 लाख सुटले असतील तर प्री-ईएमआय म्हणजे निव्वळ व्याज 42,500, शिवाय राहत्या घराचं भाडं 28,000 धरा. महिन्याला 70,500 जातात आणि मुद्दलातला एक रुपया कमी होत नाही. ताबा तीन वर्षांनी, म्हणजे बिल्डरच्या तीन वर्षांनी. तोवर ब्रोशरमधली मेट्रो बघत बसा. वडाळा-कासारवडवलीच्या खांबांखालून जाताना मुलांना मोजायला शिकवता येतं.

टॅक्स वाचतो म्हणून कर्ज घ्या, हे आहेच. पहिल्या वर्षी 75 लाखांवर व्याज जातं 6 लाख 30 हजारांच्या आसपास, जुन्या पद्धतीत वजावट मिळते 2 लाखांची. नव्या करपद्धतीत राहत्या घराला तीही नाही. तुम्ही कुठल्या पद्धतीत आहात ते सीएला माहीत असेल.

नवी मुंबईत जुनं घर घेणाऱ्यांनी कागदांच्या नादाला लागू नये. सिडकोची जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतराचं शुल्क आणि गहाणासाठी सिडकोची एनओसी लागते. बँकेचा वकील पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे मागतो, आणि नेमका मधला एक गावच्या ट्रंकेत निघतो किंवा निघतच नाही. हे टोकन देण्याआधी विचारलं तर व्यवहाराची गंमत जाते. आणि 50 लाखांपासून पुढे 1 टक्का टीडीएस तुम्ही विकणाऱ्याच्या पैशातून कापून भरायचा असतो. न कापता पूर्ण पैसे देऊन टाका, माणूस भला वाटतोय. 'बँकेने प्रोजेक्ट अ‍ॅप्रूव्ह केलाय' आणि 'महारेरा नंबर आहे' एवढं पुरे. डोंबिवलीतल्या 65 इमारतींकडेही बनावट परवानग्यांवर मिळवलेला महारेरा नंबर होताच.

काही भित्री माणसं घर घेण्याआधी सहा महिने तालीम करतात. होऊ घातलेला हप्ता आणि मेंटेनन्स यांतून सध्याचं भाडं वजा करून उरतील तेवढे पैसे दर महिन्याच्या 5 तारखेला वेगळ्या खात्यात टाकतात, आणि ते परत काढावे लागतात का बघतात. दर दोन टक्के वाढला तर काय, म्हणून 75 लाखांना 74,900 च्या हप्त्याचा हिशेब करतात. एकाची नोकरी गेली तर सहा हप्ते कुठून येतील ते आधीच बाजूला काढतात. ही माणसं शेवटी वन बीएचके घेतात आणि मे महिन्यात कोकणात जातात. त्यांच्याकडे बघू नका.

तुमचं कर्ज एक दिवस फिटेल. वय सत्तरीला टेकलेलं असेल, मुलगा पुण्यात असेल. त्या दिवसापासून 30 दिवसांत घराचे मूळ कागद परत करणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. चूक त्यांची असेल तर पुढे उशिराच्या दर दिवसाला 5,000 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. 30 वर्षांत बँकेकडून महिन्याला दीड लाख येण्याची ही एकच संधी. तेव्हा पहिले 30 दिवस कृपा करून बँकेत फोन करू नका, कागद सापडतील.