म्हणे पॉप गायली की सोप्रानो संपली!

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर गेले पंधरा दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: ऑपेराची तालीम घेतलेली सोप्रानो (सगळ्यात उंच पट्टीची गायिका) एकदा पॉप किंवा जॅझ गायली की ऑपेराची दारं तिला कायमची बंद, माइकवर गाऊन गळ्याचा कस जातो, हे सगळं पैशासाठी, पुरावा म्हणून इंग्लंडची गायिका सारा ब्राइटमन, आणि शेवटी, ‘आपल्या जुन्या गायकांनी हे पाप कधी केलं नाही.’ खाली जोडलेले हात.

एरवी पुसून टाकला असता. पण दांडिया बाजारात मी ज्यांना ख्याल शिकवते, त्यातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलगी शनिवारी दुसरीकडे वेस्टर्न व्होकलही शिकते. ‘ताई, ते वेस्टर्न बंद करू का? दोन्हीकडून गळा जाईल म्हणतात.’ मग बसलेच लिहायला.

आधी ती बंद दारं बघू. आयलीन फॅरेल ही अमेरिकन सोप्रानो १९५९ मध्ये इटलीतल्या स्पोलेटोच्या महोत्सवात व्हर्दीचं रेक्विएम गायला गेली होती. तिथेच कार्यक्रमाला आलेला जॅझचा नामवंत लुई आर्मस्ट्राँग आजारी पडला आणि त्याच्या बँडबरोबर ही बाई उभी राहून जॅझ गायली. पुढच्या वर्षी तिची ब्लूजची रेकॉर्ड आली, आणि त्याच १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिचं पदार्पण झालं. तिथे ती फार वर्षं नव्हती, १९६६ पर्यंतच, हेही सांगते. पण दार बंद व्हायचं होतं, ते उघडलं त्याच वर्षी.

मोन्सेरात कबाये ही स्पेनची सोप्रानो १९८७ मध्ये ‘क्वीन’ या रॉक बँडच्या फ्रेडी मर्क्युरीबरोबर गायली. (फ्रेडीचं मूळ आडनाव बलसारा, म्हणजे आपल्या खालच्या अंगाचं वलसाड. पाचगणीला शिकलेला पारशी मुलगा. फॉरवर्डवाल्यांना हे कळलं तर कदाचित अभिमानाचा वेगळा मेसेज येईल.) तेव्हा कबाये चोपन्न वर्षांची होती. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेरागृहात कोलंबसावरचा नवा ऑपेरा पहिल्यांदा झाला, त्यातही ती होती.

अमेरिकन सोप्रानो रेने फ्लेमिंगचं तर उलटंच आहे. ती कॉलेजात असताना बारमध्ये जॅझ गायची. इलिनॉय जॅके या नावाजलेल्या सॅक्सोफोनवादकाने तिला दौऱ्यावर बोलावलं होतं. ती गेली नाही, ऑपेराच शिकली. २०१० मध्ये रॉकचा अल्बम, २०१८ मध्ये ब्रॉडवेवरचं संगीत नाटक, आणि २०२२ मध्ये पुन्हा मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचावर नवा ऑपेरा.

आता माइक आणि गळा. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण भीती इथूनच येते. ऑपेरात माइक नसतो. खाली साठ-सत्तर वाद्यं वाजत असताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. तार सप्तकाच्याही वर, सेकंदाला हजारेक कंपनांच्या स्वरावर, सोप्रानो जबडा मोकळा सोडते, म्हणजे तोंडातल्या पोकळीची गुंज त्या स्वराशी जुळते आणि आवाज जोर न लावता मोठा होतो. त्या उंचीवर ए, ओ सगळे ‘आ’कडे झुकतात, शब्द पुसट होतात. माइक समोर असला की यातलं काही लागत नाही. पट्टी खाली आणायची, शब्द पुढे आणायचे, आवाजातला कंप आवरायचा. फॅरेलने जॅझ असंच खाली गायलं. फ्लेमिंगच्या रॉक अल्बमवर तिचा आवाज इतका खाली उतरलाय की चटकन ओळखू येत नाही. गाण्याप्रमाणे आवाज लावायची पद्धत बदलायची, ही तालमीचीच कमाई आहे.

आणि गळा बसतो तो ओरडण्याने, थकलेल्या आवाजावर आणखी गाण्याने, झोप नसल्याने. स्वरपट्ट्यांवरच्या गाठी शाळेतल्या बाईंनाही होतात, त्या कुठे पॉप गातात! माझ्या क्लासात घोगऱ्या आवाजाची मुलं दरवर्षी नवरात्र संपलं की येतात. आपला ख्यालही आज माइकवरच चालतो, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुणी सांगावं?

ब्राइटमनचं उदाहरण मुळातच चुकलंय. ती ऑपेरा सोडून पॉपकडे गेलेली नाही. नाचणाऱ्यांच्या ताफ्यातून, १९७८ च्या डिस्को गाण्यातून, लंडनच्या संगीत नाटकांतून ती वर आली. न चढलेल्या पायरीवरून कोण कशी घसरेल?

पैशाचं म्हणाल तर मिळत असतील. गाऊन पोट भरणं हा गुन्हा कधीपासून झाला?

राहिले आपले जुने गायक. मिरजेत जन्मलेल्या हिराबाईंचं आडनावच बडोदेकर. किराणा घराण्याचा ख्याल अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकल्या, संगीत नाटकात उभ्या राहिल्या, सिनेमातही आल्या, आणि १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा कुणी नाटकाचा हिशोब मागितला नाही. बडोद्याच्या दरबारात फैयाज खाँसाहेब ध्रुपद अंगाची आलापी करत तसेच ठुमरी-दादऱ्यासारखे हलके प्रकारही गात. भास्करबुवा बखल्यांनी इथेच फैज महंमद खाँकडे तालीम घेतली आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाच्या चाली बांधल्या. हे पाप असेल तर आपल्या मैफिलींच्या शेवटचं नाट्यगीत आधी बंद करा.

अर्थात ख्याल आणि नाट्यपद यांतलं अंतर ऑपेरा-पॉपइतकं मोठं नाही, हे मान्य. आणि फॉरवर्डमध्ये एक कण खरा आहे: पद्धत न बदलता गाणारे असतात. साध्या गाण्यावर ऑपेराचा थरथरता आवाज ओतणारी सोप्रानो मलाही ऐकवत नाही. भावगीतात जागोजागी तान कोंबणारे आपल्याकडे काय कमी आहेत?

त्या आईंना मी परत फोन केला. म्हटलं, ‘वहिनी, वेस्टर्न चालू ठेवा. शनिवारी घरी माझा रियाज नको. आणि गरब्यात तिला ओरडू देऊ नका.’ पहिल्या दोन गोष्टींना ‘हो, हो’ आलं. तिसरीला त्या हसल्या. ‘ते नाही हो जमायचं, ताई.’