दारूने दात निर्जंतुक होतात, हा दावा

‘दारूने तोंडातले जंतू मरतात, त्यामुळे पिणाऱ्याचे दात किडत नाहीत, डाग नको असतील तर रेड वाइनऐवजी व्हाइट वाइन किंवा व्होडका घ्यावी, झोपण्यापूर्वी लगेच ब्रश केला की काळजी मिटली, दाढ दुखली तर ब्रँडीची चूळ धरावी,’ असा एक संदेश मोबाइलवर सतत फिरत असतो. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान दातांच्या मुळावर येणारे आहे.

जंतुनाशासाठी हातांना चोळायच्या द्रवात किमान ६० टक्के अल्कोहोल लागते. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ते ४२.८ टक्के असते आणि ६० मिलीलिटरच्या पेगमध्ये १८० मिलीलिटर पाणी घातले की ११ टक्क्यांच्याही आत येते. शिवाय कीड लावणारे जिवाणू दातांवर चिकट थर करून राहतात. घोटाबरोबर सरकणारे द्रव तो थर भेदत नाही. स्पेनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये रेड वाइनमधील पॉलिफिनॉल्स या वनस्पतिजन्य घटकांमुळे जिवाणूंची चिकटण्याची क्षमता घटते असे दाखवले, ते खरे. पण तो प्रयोग वेगळ्या काढलेल्या घटकांवर आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर होता, पेला रिचवणाऱ्या माणसावर नव्हे.

डागांबद्दलचा सल्ला अधिक फसवा आहे, कारण तो दिसणाऱ्या इजेवर बोट ठेवून न दिसणारी इजा झाकतो. दातावरचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते (पीएच हे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र). वाइनचा पीएच ३ ते ४ च्या दरम्यान असतो आणि व्हाइट वाइन बहुधा रेडपेक्षा अधिक आम्लच असते. पीएच दोन अंकांनी उतरला की आम्लता शंभरपट होते, हे लक्षात घेतले तर तासभर घोट-घोट पिण्याचा अर्थ कळतो: लाळ आम्ल शमवून दाताला कॅल्शियम परत देत असते, आणि प्रत्येक घोट ते काम पुन्हा मोडतो. वाइन चाखणे हाच व्यवसाय असलेल्यांच्या दातांची झीज ही दंतवैद्यांच्या परिचयाची गोष्ट आहे. अशा खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर सकाळच्या चहाचा डागही लवकर बसतो. व्होडका स्वतः फारशी आम्ल नसते, पण ती लिंबू, कोला किंवा फळांच्या रसाबरोबर घेतली जाते. कोलाचा पीएच २.५ च्या आसपास असतो आणि साखर वेगळीच.

लगेच ब्रश करण्याचा उत्साह कौतुकास्पद असला तरी चुकीच्या वेळचा आहे. आम्लाने मऊ पडलेला थर ब्रशने खरवडला जातो; म्हणून पाण्याने चूळ भरून अर्धा ते एक तास थांबावे आणि मग मऊ ब्रशने, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. दारूने तोंड कोरडे पडते, झोपेत लाळ आणखी कमी होते, तेव्हा न घासता झोपणे हाही उपाय नव्हे. मधूनमधून साधे पाणी पीत राहिले तर बरेच निभावते. उलटी झाली असेल, तर जठरातले आम्ल वाइनहून कितीतरी तीव्र असल्याने लगेच ब्रश मुळीच करू नये. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून चुळा भराव्यात.

राहिली ब्रँडीची चूळ. तिने हिरडी थोडी बधिर होते व भाजतेही, पण दाढेच्या आतला संसर्ग तसाच राहतो. त्या संसर्गावर अनेकदा मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले जाते, आणि ते चालू असताना व त्यानंतरचे दोन-तीन दिवस दारू वर्ज्य सांगितलेली असते.