दलालांनी कृपया फोन करू नये

आज सकाळी एक दलाल चपलांसकट थेट माजघरात. वर आढ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, मकाननुं तो शून्य गणो, जमीननी वात करो." म्हणजे घराचं शून्य धरा, जमिनीचं बोला. तेव्हापासून डोकं फिरलंय.

होय, बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर आम्ही विकतोय. स्वतःच विकतोय, मध्ये कोणी नाही. सयाजीराव महाराज १९३९ साली गेले, त्याच्या कितीतरी आधी पणजोबांनी बांधलेलं. सागाचे नक्षीदार खांब, चौक, पितळी कड्यांचा हिंचका. हे शून्य?

मागे एक साहेब आले होते. स्वयंपाकघर बघितलं नाही, पाणी किती वाजता येतं विचारलं नाही, जिना चढले नाहीत. कारच्या किल्लीने खांबावर टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "हे वेगळे देणार का? वरच्या नक्षीसकट?" घर नको, नुसते खांब! वहिनीने आतून "चहा घेणार का?" असं काही विचारलं की साहेब पायऱ्याच उतरले.

पुण्याचा धाकटा रोज सांगतो, दादा, दलाल धर. बरं, दलाल असता तर हा किल्लीवाला ओट्यावरूनच परत गेला असता, एवढं मान्य. पण दलाल आणणार बिल्डरच. त्याला दोन्हीकडून टक्का हवा आणि सौदा झटपट हवा. राहायला येणारं कुटुंब चारदा बघणार, सासऱ्यांना आणणार, लोन काढणार, आणि जुनं घर म्हटलं की बँक नाक मुरडणार. एवढी कळ कोण काढतो? २०२३ च्या एप्रिलात जमिनीची जंत्री, म्हणजे सरकारी दर, दुप्पट झाल्यापासून तर पानवालासुद्धा भाव सांगतो. जमिनीचाच.

कागदांचा बाऊ करू नका. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, वारसांची नोंद, बहिणींच्या सह्या, सगळं तयार आहे. (२००५ साली वारसा कायदा बदलल्यानंतर बहिणींना विचारावंच लागतं. आमच्याकडे आधीही विचारायचे, कारण थोरल्या ताईसमोर बोलायची कोणाची टाप होती!) स्टँप ड्यूटी ४.९ टक्के, ती घेणाऱ्याची. घर बाईच्या नावावर घेतलंत तर नोंदणी फी माफ.

विकायचं दुःख आहे, पण राग त्याचा नाही. आईला जिना झेपत नाही, कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. विकलंच पाहिजे. फक्त घेणाऱ्याने एकदा हिंचक्यावर बसावं, उन्हाळ्यातही चौकातून वारा कसा येतो ते बघावं. तो किल्लीवाला बसला असता ना, तर मी भावात थोडा खाली आलोही असतो.

तर बडोदेकर मंडळी, कोणाला राहायला हवं असेल तर इनबॉक्समध्ये या. भाव समोरासमोर, पैसे सगळे चेकने. दुपारी दोन ते चार नको, आई झोपलेली असते. वाड्याचं रेस्टॉरंट करू म्हणणाऱ्यांशीही बोलेन, पण त्यांनी आधी वहिनीला भेटावं.